फीत कापता येत नाही अशा कामांसाठी

नागपूर महानगरपालिकेचे मा. महापौर, मा. आयुक्त, स्थायी समितीचे सभापती व सदस्य आणि सर्व 151 नगरसेवकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली. तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेचा कारभार प्रशासकांच्या हाती होता आणि पैसा कुठल्या कामाला गेला, कुठल्या कामाचा अडला, हे जाहीरपणे विचारायला सभागृहच नव्हतं. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनं ते पुन्हा आलं, म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे. मी एका सरकारी खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता. आयुष्यभर प्राकलनं केली, मोजमाप पुस्तिका भरल्या, देयकं पुढं पाठवली. त्यामुळे माझं म्हणणं थोडं हिशेबी वाटेल, ते चालवून घ्यावं.

मला नवा रस्ता नको, उड्डाणपूल नको, वस्तीच्या तोंडाशी कमान तर अजिबात नको. मागणं एवढंच आहे की देखभाल-दुरुस्तीच्या लेखाशीर्षाला, म्हणजे अंदाजपत्रकात त्या कामासाठी वेगळ्या दाखवलेल्या रकमेला, हात लावू नका. लावावाच लागला तर सभागृहात उभं राहून, झोनचं आणि रकमेचं नाव घेऊन लावा. एरवी ही कपात उघड होतच नाही.

ती होते कशी, ते आधी सांगतो. अंदाजपत्रकाच्या भाषणात कपात हा शब्द कुणी उच्चारत नाही. तिथं आकडा वाढतच असतो. 2018-19 मध्ये स्थायी समितीनं 2946 कोटींचं अंदाजपत्रक मांडलं, पुढच्या वर्षी 3197 कोटींचं. आता आपण पाच हजार कोटींच्या वर आहोत. आकडा मोठा दिसावा म्हणून उत्पन्नाची बाजू फुगवायची, मालमत्ता कराची वसुली मनाला येईल तेवढी धरायची, नगररचनेचं शुल्क भरभरून येईल असं गृहीत धरायचं आणि त्या भरवशावर कामं मंजूर करायची. पगार पन्नास हजार असताना ऐंशी हजारांची किराणा यादी करण्यातला हा प्रकार. दिवाळीनंतर लेखा विभाग हिशेब मांडतो, तेव्हा कळतं की पैसे तेवढे आलेलेच नाहीत. मग फायलींवर एक ओळ पडू लागते : ‘तरतूद उपलब्ध नाही’. तीच खरी कपात. सभागृहात तिच्यावर मतदान होत नाही, वर्तमानपत्रात मथळा येत नाही, कुणा एकाची सहीसुद्धा तिच्याखाली दाखवता येत नाही.

हे कधी उघड्यावर आलं असेल तर 2020 च्या सुरुवातीला. तेव्हा नव्यानं आलेले आयुक्त तुकाराम मुंढे यांनी तिजोरीचं कारण देऊन सुरू न झालेली कामं थांबवली आणि सभागृहात रणकंदन माजलं. मुंढे बरोबर होते की नगरसेवक, या वादात मी आज पडत नाही. तेव्हा चर्चा झाली ती ‘आमच्या प्रभागातली कामं का थांबवली’ याची. मंजुरी देताना पैसे कुठून येणार होते, हा प्रश्न मात्र कुणी फारसा लावून धरला नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच होता.

कपात करायची वेळ आली की कुऱ्हाड कुठं पडते, हेही ठरलेलं आहे. पगार आणि निवृत्तिवेतन थांबवता येत नाही. वीजबिल थांबवता येत नाही. कर्जाचा हप्ता थांबवता येत नाही. केंद्र किंवा राज्याच्या योजनेत महापालिकेचा हिस्सा भरला नाही तर पुढचा हप्ता अडतो, म्हणून तोही भरावा लागतो. कार्यादेश (काम सुरू करण्याचा लेखी आदेश) निघालेल्या मोठ्या कामाचा कंत्राटदार कोर्टात जाऊ शकतो. मग उरतं काय? पावसाळी नाल्यांची सफाई, चेंबरची झाकणं, खड्डे, फूटपाथचे निघालेले गट्टू, रस्त्याच्या कडेचा मुरूम, बंद पथदिवे. यांच्यासाठी कुणी कोर्टात जात नाही. आणि यांच्या उद्घाटनाला फीत कापता येत नाही.

एका बाबतीत तुमची बाजू मला मान्य आहे. महापालिकेचं स्वतःचं उत्पन्न तिच्या हातून टप्प्याटप्प्यानं काढून घेतलं गेलं. 2013 मध्ये जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट 2015 पासून तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला आणि जुलै 2017 मध्ये जीएसटी आल्यावर उरलंसुरलंही संपलं. आता राज्य सरकार भरपाई देतं, त्यात कायद्यानं दरवर्षी 8 टक्के वाढ धरलेली आहे. शहर हुडकेश्वर-नरसाळ्यापर्यंत पसरलं, जुन्या गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय छोटे प्लॉट पाडून वसलेल्या, 572 आणि 1900 लेआउटांचा भार अंगावर आला, सातवा वेतन आयोग लागला. मुंबईहून येणारा हप्ता मात्र त्याच ठरलेल्या पटीनं वाढतो. तो आला की त्यातला मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतनातच जातो. त्यामुळे ‘पैसे नाहीत’ हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पण जे आहेत ते आधी कशावर खर्च करायचे, हे तर तुमच्याच हातात आहे ना?

आता कॅलेंडरबद्दल थोडं. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. आपलं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि नागपुरात पाऊस येतो जूनच्या मध्यावर. म्हणजे नाल्या उपसायला, चेंबर बसवायला, खड्डे नीट बुजवायला हातात असतात जेमतेम दोन-अडीच महिने. त्यातही दुपारी बारानंतर पंचेचाळीस अंशांत माणसाला उभं करणं हा गुन्हाच म्हणायला हवा. मागच्या सभागृहांच्या काळात स्थायी समितीचं अंदाजपत्रकच जूनमध्ये मांडलं गेलं, अशी वर्षं आपण पाहिली आहेत. जूनमध्ये अंदाजपत्रक, त्यानंतर प्राकलनं, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यादेश! तोवर गणपती बसतात. कागदावर तरतूद शंभर टक्के, पण जमिनीवर त्या वर्षीचा पावसाळा तर गेलेला असतो. मग जानेवारी उजाडतो, निधी खर्च झाला पाहिजे म्हणून घाई सुटते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देयकांचे गठ्ठे लेखा विभागात जातात. दुरुस्तीचा एक रुपया एप्रिलमध्ये खर्च होणं आणि तोच फेब्रुवारीत खर्च होणं, यांत फार अंतर आहे. उशिरा दिलेला निधी म्हणजेही कपात. ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, एवढंच.

मे महिन्याच्या शेवटी शहरातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत सकाळी सातला जाऊन उभे राहा. दोन ऐवजदार, म्हणजे बदलीवर काम करणारे सफाई कामगार, नालीवर वाकलेले दिसतील. एकाच्या हातात फावडं, दुसऱ्याकडे बांबूच्या लांब पट्ट्या, एकीला दुसरी बांधून वाढवलेल्या. चेंबरमध्ये पट्टी घालायची, फिरवायची, ओढायची. वर येतो काळा गाळ, त्यात पन्न्या, खर्ऱ्याची पाकिटं, एखादा शाळेचा बूट. हा गाळ नालीच्या काठावर ओळीनं ठेवला जातो, कारण ओला गाळ उचलता येत नाही, तो वाळावा लागतो. इथवर सगळं बरोबर. पण वाळल्यावर तो उचलायला गाडी लागते, गाडीला डिझेल आणि ड्रायव्हर लागतो आणि त्याचा पैसा वेगळ्या हेडमधून, म्हणजे वेगळ्या लेखाशीर्षातून येतो. तिथं ‘तरतूद उपलब्ध नाही’ झालं की गाळ काठावरच राहतो. पहिला जोराचा पाऊस पडला की तोच गाळ त्याच नालीत परत. याबद्दल एका ऐवजदाराला विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, गाडी नाही आली तं आमी का डोक्यावर नेऊन राहिलो का भांडेवाडीले?” भांडेवाडी म्हणजे शहराचा कचरा डेपो. त्याचं बरोबरच आहे. नोंदवहीत मात्र नाली साफ झालेली असते आणि ते खोटंही नसतं.

ऐवजदारांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नागपूर उभं आहे ते या माणसांवर. वर्षानुवर्षं बदलीवर काम करून त्यातले पुष्कळ जण अखेर कायम झाले, ते चांगलंच झालं. पण आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांवरचा खर्च, 35 टक्क्यांच्या आत असल्याशिवाय नवी भरती नाही, असा राज्य सरकारचा दंडक आहे. म्हणून निवृत्त झालेल्याची जागा रिकामी राहते आणि एका कनिष्ठ अभियंत्याकडे दोघा-तिघांचं क्षेत्र येतं. तो रस्त्यावर जाऊन उभा राहणार कधी? खड्डा बुजवताना अभियंता जागेवर असणं आणि नसणं, यावर त्या खड्ड्याचं आयुष्य ठरतं.

खड्ड्याचंच घ्या. नीट बुजवायचा तर आधी त्याच्या कडा चौकोनी कापाव्या लागतात, कारण तुटक्या कडेला नवा माल धरत नाही. मग सैल गिट्टी आणि धूळ झाडून काढायची, पाणी असेल तर ते पूर्ण सुकवायचं, पातळ डांबराचा हात मारायचा, त्यावर गरम माल टाकून रोलर फिरवायचा. हॉटमिक्स प्लांटमध्ये हा माल साधारण दीडशे अंशांवर तयार होतो आणि तो फार निवण्याआधी दाबून घ्यावा लागतो. पैसे कमी पडले की यातली एकेक पायरी गळते. आधी कडा कापणं जातं, मग डांबराचा हात जातो, मग रोलरच्या जागी ट्रकचं चाक येतं. शेवटी उरतं गिट्टी आणि मुरूम टाकून वरून फावडं मारणं. हा माल पहिल्या आठवड्यात चिखल होतो, दुसऱ्या आठवड्यात धूळ होऊन नाकातोंडात जातो आणि तिसऱ्या आठवड्यात खड्डा आधीपेक्षा मोठा दिसतो. वर आपली जमीन पडली काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरच्या थरातून एकदा पाणी खाली गेलं की रस्ता खालूनच हलायला लागतो. बारीक भेगा असतानाच डांबराचा पातळ थर मारला तर खर्च अगदी किरकोळ असतो. त्याला पैसे नाहीत म्हटलं की काही पावसाळ्यांनी तोच रस्ता पूर्ण उखडून करावा लागतो आणि त्याला मात्र पैसे सापडतात, कारण ते ‘विकासकाम’ असतं.

यावर सिमेंट रस्ते हे उत्तर आहे, असं आपल्याला सांगण्यात आलं. सिमेंट रस्ता टिकतो, हे खरं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याला देखभाल लागत नाही, हा गैरसमज आहे. दोन पट्ट्यांमधले सांधे भरून ठेवावे लागतात, बाजूचे गट्टू बसवत राहावे लागतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाण्याची वाट. जुना रस्ता न खरवडता त्यावरच सिमेंट टाकल्यानं कितीतरी गल्ल्यांमध्ये रस्ता घराच्या जोत्याच्या वर गेला. पाणी आता रस्त्यावरून नालीत जायच्या ऐवजी फाटकातून अंगणात येतं. पावसाळी नाली नंतर करू म्हटलं आणि ते ‘नंतर’ निधीअभावी अजून आलेलं नाही. भांडवली खर्चाचं काम पूर्ण, त्याच्या जोडीचं किरकोळ काम अपूर्ण. झळ बसते ती जोत्याखालच्या घराला.

23 सप्टेंबर 2023 ची रात्र आपल्यापैकी कुणी विसरलेलं नसावं. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, 1870 साली बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्याखाली गेल्या. माणसं दगावली. पंचशील चौकातला पूल खचला आणि तो रस्ता कित्येक महिने बंद होता. एवढा पाऊस कुठल्याही नालीला झेपला नसता, हे मान्य. पण नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जी चर्चा झाली ती नदीच्या पात्रातल्या अडथळ्यांची, सांडव्याच्या वाटेची, भिंतींची होती. म्हणजे वेळेवर निगा राखण्याच्या गोष्टींचीच. पुरानंतर भिंती बांधायला, धरण मजबूत करायला निधी आला. यायलाच हवा होता. मात्र नाग, पिली आणि पोहरा या तिन्ही नद्यांचा गाळ दरवर्षी काढण्याचं काम आजही उन्हाळी मोहीम म्हणूनच चालतं, जमेल तशी यंत्रं जमवून. नाग नदीच्या प्रदूषणमुक्तीसाठी सुमारे 1927 कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. त्याचं स्वागतच आहे. पण प्रकल्प पूर्ण होईस्तोवर येणारे पावसाळे थांबणार नाहीत आणि प्रकल्प झाल्यावरही गाळ काढावाच लागेल. तो कोण काढणार, कुठल्या हेडमधून, हे आजच लिहून ठेवा.

दुरुस्ती टाळून पैसे वाचतात, हे गणितही आता बदललं आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख रुपये द्यायचे आणि जखमींना 50 हजारांपासून अडीच लाखांपर्यंत. सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, ही त्यामागची भूमिका. एका चेंबरच्या झाकणाची किंमत आणि 6 लाख रुपये शेजारी शेजारी लिहून पाहा. माणसाच्या जिवाचा हिशेब असा मांडणं मला बरं वाटत नाही, पण फायलीवर तरतुदीची ओळ लिहिणाऱ्याला निदान हा हिशेब तरी दिसावा.

छोट्या कंत्राटदारांबद्दलही बोललं पाहिजे. नागपुरात कंत्राटदार म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठी पडते आणि तिला कारणं आहेत. पण थकीत देयकांसाठी त्यांनी केलेली आंदोलनंही शहरानं पाहिली आहेत. दुरुस्तीची कामं छोटी असतात आणि ती घेणारा माणूसही छोटा असतो, दोन ट्रॅक्टर, आठ मजूर आणि बायकोचे गहाण दागिने एवढ्या भांडवलावर चालणारा. त्याचं देयक महिनोन्‌महिने अडलं की तो पुढच्या निविदेत दर चढवून भरतो किंवा मालात काटतो, नाहीतर धंदा सोडतो. मग निविदेला स्पर्धाच उरत नाही. देयक उशिरा देऊन वाचवलेला पैसा असा दुसऱ्या वाटेनं जातो, तोही व्याजासकट.

‘हा रस्ता आमचा नाही’ हे आणखी एक उत्तर. कधी तो नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) असतो, कधी सार्वजनिक बांधकामचा, कधी राष्ट्रीय महामार्गाचा, कधी मेट्रोचं काम चालू होतं म्हणून मेट्रोचा. नासुप्र बरखास्त करायचं ठरलं, मग ते पुन्हा उभं राहिलं, आणि मधल्या काळात कितीतरी लेआउटांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिल्या. निधी आटला की हे उत्तर जास्त ऐकू येतं, असा माझा अनुभव आहे. पथदिवे आणि बगिचे यांचीही गत वेगळी नाही, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता मागण्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये नाल्या, रस्ते आणि दिवाबत्ती ही महापालिकेची आवश्यक कर्तव्यं सांगितली आहेत. कमानी, बाकं आणि सेल्फी पॉइंट त्यात नाहीत. तेव्हा या आवश्यक कामांच्या देखभालीची तरतूद वेगळी काढा आणि वर्षाच्या मध्ये ती दुसऱ्या कुठल्याही कामाकडे वळवता येणार नाही, असा ठराव सभागृहात करा. उत्पन्नाचा अंदाज मागच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष वसुलीवर बेता. वसुली वाढली तर वाढीव कामं ऑक्टोबरनंतर घ्या, कोण अडवतं? पावसाळ्याआधीच्या कामांचे कार्यादेश 31 मार्चच्या आत निघाले पाहिजेत. गाळ काढणं आणि गाळ उचलणं हे एकच काम धरा, एकाच कार्यादेशात, आणि गाळ जागेवरून हलल्याशिवाय देयक काढू नका. छोट्या देयकांची रांग वेगळी ठेवा.

आणि दहाही झोनांनी दर महिन्याला एक कागद दाराशी लावावा : देखभालीसाठी किती मिळाले, किती खर्च झाले, कोणत्या कामावर ‘तरतूद उपलब्ध नाही’ लिहिलं आणि ते कुणी लिहिलं. यासाठी ॲप नको, पोर्टल नको. एक पान पुरे. लक्ष्मीनगर आणि आसीनगरचे कागद शेजारी ठेवून पाहिले की कपात शहरभर सारखी झाली की काही वस्त्यांवरच पडली, हेही कळेल. मला त्याबद्दल शंका आहे, म्हणून ही मागणी.

नगरसेवकांना वेगळं एक सांगायचं आहे. तुमच्या निधीतून यंदा गट्टू बदलण्याऐवजी प्रभागातल्या सगळ्या फुटक्या झाकणांची यादी करून ती बसवून घ्या. त्यावर तुमचं नाव कोरलं तरी माझी हरकत नाही.

नागरिक म्हणून आमच्याकडेही एक बाकी आहे. थकीत मालमत्ता करावर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते आणि तरी पुष्कळ जण अभय योजनेची वाट पाहत बसतात. दर काही वर्षांनी शास्ती माफ करून तुम्हीच त्यांना ती सवय लावली. वेळेवर भरणारा त्यात मूर्ख ठरतो. अभय योजना बंद करा, मोठ्या थकबाकीदारांची नावं झोनच्या त्याच कागदाखाली लावा आणि आमच्याकडून कर पूर्ण घ्या. नेमाने भरणारे लोक या बाबतीत तुमच्याच बाजूनं उभे राहतील.

हे पत्र स्थायी समितीच्या पुढच्या बैठकीसमोर ठेवावं, ही विनंती. उत्तर लेखी मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर 1 एप्रिलला मी माझ्या झोनच्या कार्यालयात जाऊन पावसाळापूर्व कामांच्या कार्यादेशांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागणार आहे. अर्ज लिहून तयार आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता
दक्षिण नागपूर